टेबल सॉ माप खातंय? भुशापासून बेअरिंगपर्यंत काय काय तपासायचं

फोन बहुतेक संध्याकाळीच येतो, दिवसभर कापलेला माल जोडायला घेतला की. "दादा, मशीन माप खातंय. दोन्ही बाजू एकाच मापाच्या कापल्या, आता वरची फळी बसवली तर एका कोपऱ्यात फट." कधी तासगावहून, कधी विट्याहून, एकदा तर कराडहून. मी एकच प्रश्न विचारतो: सगळे तुकडे सारखेच चुकलेत, की प्रत्येक वेगळा चुकलाय? पलीकडे शांतता. ते कुणी बघितलेलंच नसतं. टेप लावून मशीनला शिव्या घालून झालेल्या असतात, एवढंच.

कुपवाडला माझं छोटं वर्कशॉप आहे. कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, ऑफिसची टेबलं. मशीन म्हणजे टेबल सॉ: टेबलातून फिरतं गोल पातं वर आलेलं, लाकूड त्याच्यावर ढकलून कापायचं. हा दोष मी माझ्या मशीनवर आणि दुसऱ्यांच्या मशीनवर इतक्यांदा काढलाय की क्रम पाठ झालाय: आधी फुकटातलं, मग पाना लागणारं, शेवटी मेकॅनिक. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्यांदा पाना घेऊन टेबलाखालचे बोल्ट सैल करतात आणि मग मला बोलावतात. तोवर एका दोषाचे तीन झालेले असतात.

किती चूक चालते हेही आधी ठरवून घेऊ. आपल्याकडं मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण सुताराच्या तोंडात अजून सूत आहे. इंचाची आठ सुतं, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. चौकटीला, भिंतीतल्या कपाटाला अर्धं सूत इकडंतिकडं पट्टीखाली झाकून जातं. टेलिस्कोपिक चॅनेलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीला, ते चालत नाही. चॅनेल एका बाजूला १२.७ मिमी जागा घेतं, दोन्ही मिळून २५.४. म्हणून आम्ही ड्रॉवर आतल्या मापापेक्षा २६ मिमीनं कमी करतो. आता तिथं अर्धं सूत, म्हणजे दीड मिमी, ड्रॉवर मोठा झाला तर तो अडतो, आणि लहान झाला तर चॅनेल ओढून धरावं लागतं, मग ते खडखडतं आणि वर्षभरात गोळ्या टाकतं. ट्रॉलीचं काम करणाऱ्यानं अर्ध्या मिमीच्या आत राहायलाच पाहिजे. ते साध्या मशीनवरही जमतं.

लक्षणं: काय दिसतंय ते आधी नीट बघा

पाच-सहा तुकडे घ्या, एकमेकांवर रचा, एक कड टेबलावर टेकवून उभे करा. टेप लावू नका, बोट फिरवा. बोटाला जे कळतं ते टेपवर दिसत नाही.

- सगळे तुकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतात, पण ठरलेल्या मापापेक्षा सारखेच कमी किंवा जास्त आहेत. दोष टेपमध्ये, फेन्सच्या (पात्याशेजारची सरकती पट्टी, जिला टेकवून लाकूड ढकलतात) काट्यात किंवा बदललेल्या पात्यात. मशीन निर्दोष.
- पहिला तुकडा बरोबर, पुढचे हळूहळू बिघडत गेले. फेन्सचं लॉक सरकतंय, किंवा माप धरणाऱ्या ठोकळ्यापाशी भुसा साचतोय.
- कुठलाच तुकडा कुठल्याशी जुळत नाही, चूक कधी इकडं कधी तिकडं. इथं शंभर टक्के हाताची पद्धत. राग येईल, पण खरं आहे.
- एकच तुकडा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. आधी प्लायची टेकवलेली कड तपासा, मग फेन्स.
- लांबी-रुंदी बरोबर, पण खोका जोडल्यावर कर्ण जुळत नाहीत. आडवा काप काटकोनात नाही.
- कापलेल्या कडेवर काळे डाग, जळका वास, पात्याच्या मागच्या दातांच्या गोल खुणा. पातं बोथट आहे, किंवा पातं आणि फेन्स समांतर नाहीत, किंवा व्होल्टेज पडलंय.

याशिवाय एक लक्षण मशीनचं नसतंच: वर्कशॉपमध्ये सगळं बरोबर आणि साईटवर बसत नाही. साईटचं माप एकानं त्याच्या टेपनं घेतलं, कापलं दुसऱ्यानं दुसऱ्या टेपनं. किंवा भिंत ओळंब्यात नाही. सांगलीतल्या जुन्या वाड्यात दोन भिंती काटकोनात सापडल्या तर मला दाखवायला बोलवा.

फुकटातलं आधी: भुसा, फेविकॉल, सनमायकाचा ओठ

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. कुणीतरी पोरगं येतं आणि "चालू आहे का बघतो" म्हणून बटण दाबतं. पात्याजवळ हात जाणाऱ्या प्रत्येक तपासणीच्या आधी प्लग बाहेर आणि तुमच्या डोळ्यांसमोर.

ब्रशनं फेन्सची पूर्ण उंची झाडा, विशेषतः खालचा कोपरा, जिथं फेन्स टेबलाला भेटते. तिथं दाबलेल्या भुशाची वात तयार होते आणि प्लाय तिच्यावर टेकतो, फेन्सवर नाही. अर्धा मिमी तिथंच गेला. फेन्सवर वाळलेला फेविकॉलचा थेंब असला तर नखाला लागतो. पटाशीनं हलक्या हातानं खरवडून काढा.

आणि सनमायका. चिकटवताना आपण तो चारी बाजूंनी थोडा बाहेर ठेवतो. घाईत ट्रिमर (जादा कड कापायचं छोटं मशीन) न फिरवता तीच कड फेन्सला लावली की प्लाय टेकतच नाही, सनमायकाचा ओठ टेकतो. तो कुठं एक मिमी, कुठं दोन, कुठं तुटलेला. मग कापलेली कड त्याचीच नक्कल करते आणि आपण म्हणतो फेन्स वाकडी आहे. असा "बिघाड" मी एका महिन्यात तीन ठिकाणी ट्रिमर फिरवून दुरुस्त केलाय. पैसे काय मागणार? चहा पिऊन आलो.

टेप

दोन टेप शेजारी धरा आणि २ मीटरवर बघा. रेघा जुळतीलच असं नाही, आणि दोन्ही टेप कंपनीच्या हिशेबानं बरोबर असू शकतात. टेपच्या सुरुवातीला छोट्या लंबगोलात रोमन आकडा असतो, बहुतेकांवर II. त्या वर्गाच्या टेपला २ मीटरमध्ये ०.७ मिमी कमी किंवा जास्त चालतं, ३ मीटरमध्ये ०.९. म्हणजे तुमचा टेप एका बाजूला चुकला आणि मदतनिसाचा दुसऱ्या बाजूला, तर २ मीटरवर १.४ मिमीचा फरक पडतो. जवळजवळ अर्धं सूत, आणि कुणाचीच चूक नाही. वर्ग I चा टेप महाग असतो; त्याला २ मीटरमध्ये ०.३ मिमीच सूट. तो नसला तरी बिघडत नाही. साईटचं माप आणि मशीनवरचं माप एकाच टेपनं घ्या, एवढंच पाळा. माझ्या टेपवर लाल रंगाचा ठिपका आहे. तो घरी न्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही.

आता हुक. टेपच्या टोकाचा हुक थोडा मागंपुढं हलतो तो मुद्दाम. हुकाची जितकी जाडी तितकाच तो हलतो, म्हणजे बाहेरून अडकवलं किंवा आतून टेकवलं तरी माप एकच यावं. नवीन पोरं "हुक ढिला झालाय" म्हणून हातोडीनं रिव्हेट ठोकून घट्ट करतात आणि चांगला टेप कायमचा बाद करतात. टेप उंचावरून पडला तरी हुक वाकतो. तपासायला ३०० मिमीची स्टीलची पट्टी घ्या: तिला हुक अडकवून बघा, मग तिचं टोक टेपच्या १०० वर ठेवून बघा. फरक आला तर हुक गेला.

१०० पासून मोजायची सवय चांगली, पण तिचा एक धोका मी स्वतः भोगलाय. ७२० मिमीच्या बाजूंसाठी खूण ८२० वर करायची असते. मी ७२० वर केली आणि सहा बाजू ६२० च्या कापल्या, एकाच सेटिंगला, अगदी सारख्या. त्यांचं चप्पल-स्टँड झालं. अजून घरात आहे.

गुण्या

सरळ कडेच्या प्लायवर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बारीक पेन्सिलनं रेघ मारा. गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर फट गुण्याच्या चुकीच्या दुप्पट आहे. खोट्या गुण्यानं पुढची एकही तपासणी करू नका, नाहीतर चांगलं मशीन तुम्ही स्वतःच्या हातानं वाकडं लावाल. हे दोन मिनिटांचं काम टाळून अख्खी दुपार घालवलेले लोक मला माहीत आहेत.

पद्धत: इथंच सगळं अडतं

आता माझा हट्ट सांगतो. कॅबिनेटमध्ये माप चुकलं तर एक वेळ चालतं. तुकडे एकमेकांशी चुकले तर चालत नाही. दोन्ही बाजू ७२० ऐवजी ७१९.५ झाल्या तर खोका अर्धा मिमी बुटका होईल, पण काटकोनात उभा राहील. पायाचा स्क्रू फिरवला की संपलं. एक ७२० आणि दुसरी ७१९.५ झाली की वरची फळी तिरकी, शटर तिरकं, बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून फिरवून जीव जातो.

मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारे कारागीर बघा. भोपळा नैसर्गिक, एकासारखा दुसरा नसतो, त्यामुळं लाकूड त्या भोपळ्याला जुळवावं लागतं. प्रत्येक वाद्य स्वतःचं माप घेऊन येतं. आमचं काम उलटं आहे. आठ ट्रॉल्यांच्या सोळा बाजू एकमेकींच्या जागी बसल्या पाहिजेत. तिथं प्रत्येक तुकड्याला टेप लावणं म्हणजे सोळा वेळा चुकायची सोय करणं. टेप एकदाच वाचायचा, माप मशीनवर पकडून ठेवायचं, आणि त्या मापाचे सगळे तुकडे संपल्याशिवाय फेन्स हलवायची नाही. जेवायची सुट्टी झाली तरी नाही. "आता ही ५६४ ची पट्टी काढू, मग परत ७२० लावू" असं म्हणलात की दुसरी ७२० पहिलीसारखी येणार नाही.

कापायच्या क्रमालाही महत्त्व आहे. ८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. तिचे कर्ण मोजा. काटकोनात असेल तर दोन्ही २७२८ च्या आसपास आणि एकमेकांइतके यायला हवेत. नाही आले तर कारखान्याच्या कडेवर विश्वास ठेवू नका. एक कड सरळ कापून घ्या, तिच्यावर पेन्सिलनं फुली मारा, आणि पुढचा प्रत्येक काप त्या फुलीवाल्या कडेवरून घ्या. एक तुकडा या कडेवरून, दुसरा त्या कडेवरून असं केलं की शीटचा वाकडेपणा वाटून वाटून सगळ्या कॅबिनेटमध्ये जातो.

पातं किती खातं हे विसरणारेही पुष्कळ. १२२० च्या शीटचे चार समान भाग म्हणून ३०५ वर खुणा करतात. पण साधं १० इंची पातं ३.२ मिमीच्या आसपास लाकूड खातं, तीन कापांत ९.६. पहिले तीन ३०५ चे आले की चौथा २९५.४ चा. मग म्हणे मशीन माप खातं. हो, खातंच.

लहान तुकडे लांबीत कापायला मी स्लेड वापरतो. स्लेड म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणारा प्लायचा पाट, मागं काटकोनात पक्की केलेली पट्टी, आणि त्या पट्टीवर क्लॅम्पनं धरलेला ठोकळा. तुकडा ठोकळ्याला टेकवायचा आणि पाट ढकलायचा. ठोकळ्याचा खालचा कोपरा पटाशीनं थोडा उडवा, म्हणजे भुशाला जायला जागा राहते. नाहीतर पाचव्या-सहाव्या तुकड्यापासून माप घटायला लागतं, आणि ते वर लिहिलेलं "हळूहळू बिघडलं" लक्षण दिसतं.

फेन्सचाच ठोकळा म्हणून वापर करून आडवा काप मात्र घेऊ नका. कापलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि तुमच्याकडं फेकला जातो. फेन्सचं मापच हवं असेल तर तिच्यावर पुढच्या टोकाला, पात्याच्या बरंच अलीकडं, एक ठोकळा बांधा. तुकडा त्याला टेकवून माप घ्या. पात्यापाशी पोचेपर्यंत तुकड्याच्या त्या बाजूला मोकळी जागा राहिली पाहिजे.

नेहमीच्या मापांच्या पट्ट्याही करून ठेवा. माझ्या भिंतीवर ७२०, ५६४, ५६० अशा १२ मिमी प्लायच्या पट्ट्या खिळ्यावर टांगलेल्या आहेत, आणि फेन्स लावताना मी बहुतेक वेळा टेप उघडतच नाही.

प्लायची जाडी

हे पटकन. ६०० रुंदीच्या कॅबिनेटचा तळ ६०० वजा १८ वजा १८, म्हणजे ५६४. पण १८ चा प्लाय खरंच १८ असतो का, हे व्हर्नियरनं चार कोपऱ्यांत बघा. १७.४ भरला तर तळ ५६५.२ पाहिजे. दोन्ही अंगांना सनमायका असेल तर त्याची जाडी आणि गोंदही धरा. पावसाळ्यात जमिनीला टेकवून ठेवलेल्या एमडीएफची खालची कड फुगते. तिच्यावरून जाडी मोजू नका आणि ती कड फेन्सलाही लावू नका.

पातं आणि फेन्सचा काटा

सगळे तुकडे सारखेच चुकत असतील तर विचारा, पातं कधी बदललं? फेन्सच्या पट्टीवरचा काटा एका ठराविक पात्यासाठी लावलेला असतो. ३.२ मिमीचं काढून २.४ मिमीचं पातळ पातं बसवलं की दातांची बाजू सरकते आणि काटा खोटा बोलायला लागतो. भंगार तुकड्यावर एक काप घ्या, तुकडा मोजा, आणि काट्याचा स्क्रू सैल करून तोच आकडा दाखवा. काटा सरळ वरून वाचा, बाजूनं वाचला तर अर्धा मिमी तिथंच जातो.

पातं काढलंच आहे तर दातांजवळचा चिकटा रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं काढा आणि कापडानं पूर्ण कोरडं करा. फ्लँज (पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या) पुसा. फ्लँजखाली भुशाचा कण अडकला तर पातं डोलतं, आणि फ्लँजपाशी केसाएवढा असलेला डोल दातांपाशी पुष्कळ मोठा होतो, त्यामुळं काप रुंद आणि खडबडीत पडतो. कार्बाइडचा एखादा दात उडालेला दिसला तर पातं ग्राइंडिंगवाल्याकडं. घरी कानस मारू नका.

जळके डाग फक्त संध्याकाळीच पडत असतील तर पात्याला दोष द्यायच्या आधी लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायर काढून मशीन थेट बोर्डाला लावून बघा. वायरमध्ये व्होल्टेज पडलं की मोटार दमते, पातं गरम होतं आणि वाट सोडतं.

फेन्स

फेन्स सरकवत टेबलाच्या खाचेच्या कडेपर्यंत आणा, लॉक करा आणि पुढच्या-मागच्या टोकाला बोटाचं अग्र फिरवा. फेन्सची बाजू आणि खाचेची कड दोन्हीकडं सारखी लागली पाहिजे. यानंतर लॉक केलेल्या फेन्सचं मागचं टोक अंगठ्यानं दाबा. हललं तर लॉकचा नट आवळा. बोटाला फरक लागला म्हणून फेन्सचे कोनाचे बोल्ट सैल केलेत तर ते एकेक करून घट्ट करा आणि प्रत्येक बोल्टनंतर पुन्हा बोट फिरवा.

मागचं टोक पात्याकडं झुकलेलं कधीच नको. तिथं लाकूड चिमटतं, मागचे वर येणारे दात त्याला उचलतात आणि उलटं फेकतात. किकबॅक म्हणतात तो हाच. पूर्ण समांतर उत्तम, मागं ०.१ मिमी उघडी चालेल.

आपल्याकडं बऱ्याच जणांचं मशीन म्हणजे टेबलाखाली उलटा लावलेला हँड कटर आणि फेन्स म्हणून दोन क्लॅम्पनं धरलेली ॲल्युमिनियमची पट्टी. त्याला खाच नसते. तिथं दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा आणि टेबलाच्या कडेपासून फेन्सपर्यंत एक पुढं, एक मागं घाला. अर्थात टेबलाची कड पात्याला समांतर हवी. ती आधी एकदा जुळवून घ्यावी लागते. अशा मशीनवर पात्यामागची रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पातळ पट्टी) आणि पात्यावरचं गार्ड बहुतेक काढून टाकलेलेच असतात. मी अशा मशीनवर माप लावून देत नाही. नाराज होतात लोक, होऊ देत.

पातं खाचेला समांतर आहे का: पाना घ्यायची वेळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं वर्कशॉप सांगलीवाडीत होतं. कृष्णेचं पाणी चढत होतं, दर तासाला आयर्विन पुलाच्या पातळीचे फोन. रात्रीच चौघांनी मशीन उचलून टेम्पोत टाकलं, हाताला जे लागलं ते धरून, म्हणजे फेन्सची रेल आणि टेबलाची कड. पाणी ओसरल्यावर परत आणलं. ओलीनं टेबलावर गंज आला होता. तो बारीक एमरी आणि रॉकेलनं काढून, पुसून, लाईट गेल्यावर लावायची मेणबत्ती घासून चकचकीत केला. मशीन नव्यासारखं दिसत होतं. आणि महिनाभर प्रत्येक आडवा काप काटकोनाबाहेर जात होता, कडेवर मागच्या दातांच्या खुणा. मी फेन्स दोन वेळा लावली, पातं बदललं, गुण्या बदलला. शेवटी खाचेपासून पातं मोजलं तर पुढं-मागं ०.६ मिमीचा फरक. उचलताना टेबल बॉडीवरून सरकलं होतं. मी तपासायचा क्रम सोडला नसता तर महिना वाचला असता. हलवलेल्या मशीनची ही तपासणी मी आता माल चढवायच्या आधी करतो.

मोजायचं असं. प्लग काढून पातं पूर्ण वर करा. एका दातावर पेननं खूण करा. तो दात पुढं आणा, खाचेत सरकणाऱ्या मायटर गेजला (आडवा काप घेताना लाकूड टेकवायचा आधार) एक पट्टी बांधून तिच्या टोकाला स्क्रू मारा, आणि स्क्रूचं डोकं त्या दाताला जेमतेम घासेल इतकं फिरवा. पातं हातानं हलवून घासण्याचा आवाज ऐका. आता तोच दात मागं फिरवा आणि पट्टी मागं सरकवा. तोच दात कशाला? वेगळा घेतला तर पात्याचा स्वतःचा डोल मापात मिसळतो. मागं तसाच आवाज आला तर समांतर आहे. फट पडली तर फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) घाला. नसेल तर मोटरसायकलच्या गॅरेजवाल्याकडून अर्ध्या तासासाठी आणा, टॅपेट लावायला त्याच्याकडं असतोच. ०.१ मिमीच्या आत असेल तर काही करू नका.

जास्त असेल तर: काही मशीनमध्ये मोटार-शाफ्टचा सांगाडा टेबलाला खालून बोल्टनं धरलेला असतो, मोठ्या मशीनमध्ये टेबलच बॉडीवर बोल्टनं बसवलेलं असतं. तीन बोल्ट सैल, एक थोडा आवळलेला, आणि लाकडी मोगरीनं हलका ठोका. घट्ट करताना ते पुन्हा सरकतं, म्हणून प्रत्येक बोल्टनंतर मोजा. खाच आणि पातं जुळलं की मगच फेन्स पुन्हा खाचेला जुळवा. उलटा क्रम निरर्थक आहे.

दोन काटकोन

पात्याचा उभा काटकोन: सत्तरेक मिमी उंचीची पट्टी उभी धरून आडवा काप घ्या, एक तुकडा उलटा करून कापलेल्या कडा एकमेकींना लावा. वर किंवा खाली फट दिसली तर पात्याच्या तिरकेपणाच्या दुप्पट आहे. ९० अंशाचा स्टॉप बोल्ट लावण्याआधी त्याच्या टोकाशी साचलेला भुसा काढा. बहुतेक वेळा एवढ्यानंच जमतं.

स्लेडचा काटकोन गुण्यानं लावू नका, पाच कापांनी तपासा. ४०० बाय ४०० च्या आसपासचा प्लाय घ्या. एक कड कापा, ती कापलेली कड मागच्या पट्टीला टेकवून दुसरी कापा, तसंच फिरवत चार. पाचव्या वेळी पहिलीच कड पुन्हा कापा, पण या वेळी २५ मिमी रुंदीची पट्टी काढा. तिची दोन टोकं व्हर्नियरनं मोजा. समजा एक २५.८ आणि दुसरं २५. फरक ०.८, चूक चार वेळा साठलीय म्हणून चारनं भागा. ०.२ मिमी, ४०० मिमी लांबीत. मी ०.१ च्या आत आणतो. एक साधा तुकडा गुण्यानं तपासला असता तर ही चूक डोळ्याला दिसलीच नसती.

इथं थांबा

पातं घट्ट असताना ते दोन हातांनी पुढं-मागं हलवलं आणि शाफ्ट खटखटला, तर बेअरिंग गेलंय. नव्या पात्यानंही डोल जात नसेल तर शाफ्ट किंवा फ्लँज वाकलाय. हे काम लेथवाल्याचं आणि मशीन मेकॅनिकचं आहे. हातोडीनं बेअरिंग ठोकून बसवलेली मशीन मी पाहिलीत. ती पुन्हा मापात आली नाहीत. टेबलाखालच्या सांगाड्याला तडा दिसला तर त्या दिवसापासून मशीन बंद. वेल्डिंग करून चालवू नका.

बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, मोटारीतून धूर किंवा वार्निशचा वास आला, तर मापाचा विषयच सोडा. मेन स्विच बंद, आणि वायरमन किंवा वायंडिंगवाला. अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा प्लग लावायचा नाही. आणि सरकत्या टेबलाचं मोठं पॅनेल सॉ असेल तर त्याच्या रुळांना हात लावू नका. ते लावायला कंपनीचाच माणूस बोलवा. मीही बोलावतो.

मेकॅनिक येईल तेव्हा "माप खातंय" एवढंच सांगू नका. पुढं किती, मागं किती, पाचव्या पट्टीची दोन टोकं किती, कोणतं पातं, हे कागदावर लिहून द्या. तो काम करून हात धुवायला लागला की त्याच्यासमोरच पुन्हा पाच काप घ्या. पट्टीची दोन्ही टोकं जुळली की मग पैसे आणि चहा.